किर्द आहे, खतावणी नाही

फरक फक्त ३४० रुपयांचा होता. कुणी खिशातून भरला असता तर विषय तिथेच मिटला असता. पण पतसंस्थेत तसं चालत नाही. दिवसाची किर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, जुळल्याशिवाय शटर खाली ओढता येत नाही, आणि त्या संध्याकाळी अकाउंटंट मॅडम साडेआठपर्यंत तिथेच बसून होत्या. मी पुण्यात घरी ताटावर बसणार एवढ्यात त्यांचा फोन आला. "साहेब, तुमच्या सॉफ्टवेअरने आज पैसे पैदा केलेत," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. कंपनी लहान आहे, माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कामाचा मोठा भाग पिग्मीचा, म्हणजे रोजच्या छोट्या ठेवींचा. एजंट दुकानोदुकानी फिरून रोजचे पन्नास-शंभर गोळा करतो, पूर्वी ते कार्डावर लिहायचा, मग हातातलं छोटं मशीन आलं, आता मोबाइलवर ॲप आहे. ही ॲप्स आमची नसतात. ती गावोगावची दोन-तीन माणसांची दुकानं बनवतात आणि जमा झालेल्या नोंदी आमच्याकडे पाठवतात. कशा पाठवायच्या ते आमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं असतं. निदान माझा तसा समज होता.

चूक मला दहा मिनिटांत सापडली, पण त्याचं श्रेय अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे वडील, गावच्या विकास सोसायटीचे सचिव होते. फरक आला की ते तो आधी दोनाने भागायचे. निम्म्या रकमेची नोंद त्या दिवशी सापडली, तर ती उलट्या बाजूला पडलेली असणार. नाही सापडली तर नवाने भागायचे. भाग पूर्ण गेला तर आकडे उलटसुलट झालेले असतात, ५४चे ४५ झालेले असतात. ३४०चे निम्मे १७०, आणि त्या दिवशी १७०ची पिग्मी एकच होती. एजंटाने ती चुकून दुसऱ्याच्या खात्यात टाकली होती आणि लगेच ॲपमधून रद्द केली होती. रद्द करण्यासाठी ॲपने आमच्याकडे उणे १७० पाठवले होते. आमच्या कोडने ते उणे चिन्ह गिळलं आणि आणखी १७० जमा धरले. खरं तर अशी रक्कम आम्ही दारातूनच परत पाठवायला हवी होती. तो दोष आमचा होता, दुसऱ्या दिवशी दुरुस्तही केला.

पण उणे रक्कम पाठवायची, हे ॲपवाल्या मुलाला सांगितलं कुणी? त्याला फोन केला. "सर, एआयनं सांगितलं."

हे ऐकून मला आधी बरंच वाटलं. मशीनने थाप मारली, आपण सुटलो. एआय नसलेली फंक्शनं रचून सांगतं हे आता सगळ्यांना माहीत आहे. तरीही त्या संभाषणाची प्रत मागवून घेतली. उत्तरात रचलेलं काहीच नव्हतं. खाली दुवासुद्धा दिला होता, आणि तो आमच्याच सर्व्हरवरच्या एका पीडीएफचा होता. ती २०१७ची, पहिल्या आवृत्तीच्या वेळची. "नोंद रद्द करावयाची असल्यास तीच रक्कम ऋण चिन्हासह पुन्हा पाठवावी." वाक्य माझंच. २०१७मध्ये ते बरोबरही होतं. २०२०मध्ये आम्ही पद्धत बदलली, रद्द करण्यासाठी वेगळी सोय केली, तिच्यासाठी नीट इंग्रजीत वेगळं पान लिहिलं. ते पान ना त्या मुलाला सापडलं ना मशीनला. मी त्याचेच शब्द आमच्या साइटच्या शोधपेटीत टाकून पाहिले: पिग्मी एंट्री कॅन्सल. एकही पान आलं नाही.

(ती जुनी पीडीएफ युनिकोडमध्ये टाइप केली होती, याचा मला तेव्हा फार अभिमान होता. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केली असती तर आत नुसती रोमन अक्षरांची खिचडी राहिली असती, ती कुणालाच सापडली नसती आणि मॅडम वेळेवर घरी गेल्या असत्या.)

अण्णांच्या कपाटात दोन प्रकारच्या वह्या असायच्या. एक किर्द, एक खतावणी. किर्दीत दिवसभर जे जे घडलं ते घडलं त्या क्रमाने उतरायचं. कुणी खताचे पैसे भरले, कुणी कर्ज उचललं, चहाचे सात रुपये. खतावणीत तेच सगळं पुन्हा, पण खात्यांप्रमाणे. एका सभासदाचं एक पान, आणि प्रत्येक नोंदीशेजारी बारीक अक्षरात किर्दीचा पान क्रमांक. माझ्या शाळकरी डोक्याला हे दुप्पट काम वाटायचं. एकदा मी विचारलंसुद्धा, एकदा लिहून झालंय तर पुन्हा कशाला? अण्णा म्हणाले, "किर्द लिहिणाऱ्याची असते. खतावणी विचारायला येणाऱ्याची."

आमच्या टीमकडे किर्द भरपूर आहे. चॅटवरची संभाषणं, तिकिटं, कोडच्या प्रत्येक बदलाला जोडलेले शेरे, दर आवृत्तीच्या टिपा, ग्राहकांच्या मेल. सगळं तारीखवार, सगळं जपलेलं. आणि त्यालाच आम्ही 'आमच्याकडे सगळं लिहिलेलं आहे' असं म्हणायचो. रद्द करण्याबद्दल आजचा नियम काय, एवढंच ज्याला हवं आहे त्याने सात वर्षं वाचायची. माणूस ती वाचत नाही, शेजारच्याला विचारतो. मशीन न थकता वाचतं, आणि तिथेच फसतं. कारण किर्दीत चुकलेली नोंद खोडायची नसते, पुढे कधीतरी तिची उलटी नोंद घालायची असते. ज्याच्या हाती फक्त आधीचं पान लागलं त्याला ती नोंद खरीच वाटणार.

हे आमच्यापुरतं नाही. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत आकडेवारीचं काम करणाऱ्या कुणालाही पांडाज ही तयार कोडची लायब्ररी माहीत असते. तिच्यात तक्त्याला ओळी जोडायची 'अपेंड' नावाची सोय होती. जानेवारी २०२२मध्ये १.४ आवृत्तीत ती मोडीत काढणार असल्याचं जाहीर झालं आणि एप्रिल २०२३मध्ये २.०मध्ये ती काढूनच टाकली. त्याऐवजी काय वापरायचं ते अधिकृत पानांवर स्पष्ट लिहिलेलं आहे. पण त्याआधीच्या कितीतरी वर्षांची उत्तरं, लेख, वर्गातल्या वह्या जालावर तशाच राहिल्या, आणि एआय मदतनीस त्यानंतरही बिनदिक्कत 'अपेंड' सुचवत राहिले. अधिकृत वाक्य एकच, जुन्या सवयीचे साक्षीदार हजारो. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या बाबतीत वर्षानुवर्षं असं व्हायचं की गूगलवर काही शोधलं की भलत्याच जुन्या आवृत्तीचं पान वर यायचं. त्यांनी मात्र हे मनावर घेतलं. तिथे प्रत्येक पानाच्या माथ्यावर हे कुठल्या आवृत्तीचं पान आहे ते असतं, इतर आवृत्त्यांचं हेच पान कुठे आहे ते असतं, आणि आधार संपलेली आवृत्ती असेल तर तसा इशाराही असतो. शिवाय नेहमी चालू आवृत्तीकडेच नेणारा एक कायमचा पत्ता. माझ्या पीडीएफच्या माथ्यावर आमचं बोधचिन्ह होतं, तेही मोठं. आवृत्ती कुठेच नव्हती.

रोजकीर्द हा शब्द निघाला की पुणेकराला पेशवे दफ्तर आठवणं भागच आहे. कापडात बांधलेले कागदांचे रुमाल, आणि आत मोडी. रियासतकार सरदेसायांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. त्याआधी कागद नव्हते थोडेच! गाठी सोडून, वाचून, हा कागद कशाविषयी आहे ते ठरवणारी माणसं बसवावी लागली, तेव्हा ते बाहेरच्यांना मिळू लागले.

तर मग आम्हीही गाठी सोडायला घेतल्या. मालकांना 'डॉक्युमेंटेशन सुधारू या' असं मी तीन वर्षं सांगत होतो, ते मान हलवायचे. या वेळी 'एआयला आपलं डॉक्युमेंटेशन दिसत नाही' असं म्हणालो, तर दुसऱ्याच दिवशी दोन आठवडे मिळाले. यावर मी फार विचार करायचं टाळतो.

पहिली गाठ लाजिरवाणी निघाली. आमची नवी साइट दिसायला देखणी, पण पानातला मजकूर ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालल्यावर उमटायचा. एआय कंपन्यांचे बरेच क्रॉलर, म्हणजे साइटी वाचत फिरणारे प्रोग्राम, जावास्क्रिप्ट चालवतच नाहीत, ते आलेलं एचटीएमएल उचलतात आणि निघतात. त्यांच्या हाती काय लागत असेल ते मी कमांड लाइनवर मागवून पाहिलं. साइटचं नाव, एक कोरा चौकोन, आणि 'लोड होत आहे'. म्हणजे २०२०चं उत्तम पान बाहेरच्या जगासाठी चार वर्षं लोडच होत होतं.

दुसरी गाठ त्याहून वाईट. 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' ही साइटच्या दारावरची चिठ्ठी. कुठल्या यंत्राने कुठे यायचं आणि कुठे नाही ते तीत लिहायचं. १९९४मध्ये मार्टिन कोस्टर यांनी हा संकेत सुचवला, आणि नुसत्या शिष्टाचारावर तो इतका टिकला की त्याचं रीतसर मानक व्हायला २०२२ उजाडलं. आमच्या चिठ्ठीत दोनच ओळी होत्या: कुणीही असो, कुठेही येऊ नये. चाचणीची साइट लोकांना दिसू नये म्हणून कुणीतरी कधीतरी लिहिलेल्या, खऱ्या साइटबरोबर तशाच वर चढलेल्या. कुणीतरी म्हणजे कोण, हे बदलांच्या नोंदीत दिसतं. मीच. जुनी पीडीएफ दुसऱ्या पत्त्यावर होती, तिच्या दाराला चिठ्ठी नव्हती. म्हणून शिळं उघड्यावर आणि ताजं कुलपात. आता चिठ्ठीत नावनिशीवार लिहिलं आहे. ओपनएआयचा प्रशिक्षणासाठी फिरणारा बॉट वेगळा, शोधासाठी येणारा वेगळा, तेव्हा कुणाला आत घ्यायचं हे वेगवेगळं ठरवता येतं.

या दोन गोष्टी एका दुपारीत दुरुस्त झाल्या. पुढे जे आलं त्याला उरलेले सगळे दिवस लागले, आणि ते शब्दांचं काम होतं.

१९८७मध्ये जॉर्ज फर्नस हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध लिहिला होता. लोकांना एखादी वस्तू, क्रिया किंवा पदार्थ दाखवून विचारायचं, याला तुम्ही काय नाव द्याल? दोन माणसांनी आपापल्या मनाने एकच शब्द निवडण्याची शक्यता त्यांच्या प्रत्येक प्रयोगात २० टक्क्यांहून कमी निघाली. म्हणजे सॉफ्टवेअर करणाऱ्याने कितीही डोकं लढवून एकच 'योग्य' नाव ठेवलं तरी बहुतेक जण दुसऱ्याच दारावर टकटक करणार. उपायही त्यांनी साधाच सांगितला. योग्य शब्द शोधत बसू नका, लोक वापरतील ते सगळे शब्द चालवून घ्या. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या छापील मॅन्युअलमध्ये याचीच एक वेडीवाकडी पण कामाची युक्ती होती. प्रत्येक आज्ञेचं वर्णन एका ओळीत करायचं आणि त्या ओळीतल्या प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाखाली ती ओळ सूचीत पुन्हा छापायची. 'फाइल' म्हणून शोधा, 'नकल' म्हणून शोधा, तिथेच पोचाल.

ते लोक इंग्रजीपुरते बोलत होते. आमच्याकडे एकाच गोष्टीला आम्ही 'ट्रान्झॅक्शन रिव्हर्सल' म्हणतो, अकाउंटंट मॅडम 'उलटी नोंद' म्हणतात, एजंट 'कॅन्सल', जुने कारकून 'खोडणे'. आणि ॲपवाला मुलगा विचारतो मराठीत, पण रोमन लिपीत, आणि त्यातही 'पिग्मी'चं स्पेलिंग प्रत्येकाचं निराळं. पिग्मीला आमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये पिग्मी म्हटलेलंच नव्हतं. तिथे 'डेली डिपॉझिट कलेक्शन' होतं, कारण ते भारदस्त वाटतं. 'पिग्मी' हा शब्द १९२८मध्ये सिंडिकेट बँकेने आपल्या रोजच्या ठेवीसाठी वापरात आणला. पुढे गावच्या बाजारपेठेत ठेवीचंच नाव पिग्मी पडलं, आणि आम्ही तो खालच्या दर्जाचा समजून गाळला. एआय शब्दापेक्षा अर्थ जुळवून पाहतं, हे खरं आहे. पण आमच्या बाबतीत मराठी प्रश्नाला मराठी पीडीएफ चपखल बसली आणि इंग्रजी पान मागे पडलं. त्यात ते पान कोरं. दोष कुठल्या तोंडाने द्यायचा?

आता प्रत्येक पानाच्या सुरुवातीला एक ओळ असते: 'यालाच असंही म्हणतात'. चुकीच्या संदेशांचे शब्द जसेच्या तसे पानावर टाकले, कारण अडलेला माणूस समोर दिसणारं वाक्य उचलूनच शोधतो. आधी ते स्क्रीनशॉटमध्ये होते, चित्रात, शोधणाऱ्याला न दिसणारे. आणि ज्या पद्धती बंद झाल्या त्यांचीही पानं ठेवली. 'ऋण रक्कम पाठवून रद्द करणे: २०२०पासून बंद, आता असं करा.' पूर्वी आम्ही बंद पद्धतीचा उल्लेखच पुसून टाकायचो. पण जुनं वाचून आलेला माणूस जुन्याच नावाने विचारतो, त्याला 'सापडलं नाही' असं सांगितलं की तो जुन्यावरच विसंबून राहतो.

लिहिण्याची एक सवय मात्र मोडायला जड गेली. मी 'वर सांगितल्याप्रमाणे' फार लिहितो. 'हे केल्यावर ते आपोआप होते', 'मघाचाच क्रमांक येथे द्यावा'. एआयची शोधयंत्रणा पान अखंड नेत नाही, बऱ्याचदा त्याचे तुकडे करून लागेल तेवढा तुकडा उचलते. तुकड्यात 'वर' नसतं. 'ते' म्हणजे कोण ते नसतं. म्हणून प्रत्येक परिच्छेदात वस्तूचं पूर्ण नाव पुन्हा लिहायचं. ऐकायला ते पोलिसी पंचनाम्यासारखं लागतं. माझ्यासारख्या चार ओळी बऱ्या लिहिण्याची हौस असणाऱ्याला ते टोचतं, पण शोधून थेट पानाच्या मध्यावर उतरलेल्या माणसाच्याही हातात 'वर' नसतंच.

शेवटी ती बहुचर्चित 'एलएलएम्स डॉट टीएक्सटी' फाइल. सप्टेंबर २०२४मध्ये जेरेमी हॉवर्ड यांनी ही कल्पना मांडली. एआयला वाचता यावी म्हणून साइटच्या मुळाशी मार्कडाउनमधली, म्हणजे साध्या मजकुराची, एक फाइल ठेवायची, माथ्यावर प्रकल्पाचं नाव, खाली दोन ओळींत हे काय आहे, मग विभागवार दुवे आणि प्रत्येक दुव्यापुढे एका वाक्यात तिथे काय मिळेल ते. हिच्याने जादू होते असं विकणारे बरेच आहेत. मला तसं वाटत नाही. गूगलच्या जॉन म्युलर यांनी तर २०२५मध्ये तिची तुलना जुन्या कीवर्ड्स मेटा टॅगशी केली, म्हणजे साइटवाला स्वतःबद्दल जे म्हणतो ते, त्यावर शोधयंत्राने का विसंबावं? पण कोड लिहिणाऱ्या मदतनिसाला 'आधी ही फाइल वाच' असं आपण होऊन सांगितलं तर ती कामाला येते. आणि मुख्य म्हणजे ती लिहायला बसलं की आपल्याकडे नेमकी कोणती पानं आहेत ते कळतं.

मला कळेना. तासाभरात नऊ दुवे लिहून मी अडकलो. तेव्हा टीममधली सोलापूरची मुलगी स्वतःच्या ड्रॉवरमधून एक दोनशेपानी वही घेऊन आली.

ती आमच्याकडे आली त्याला अडीच वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं होतं, "सर, काय काय कुठे लिहिलंय याची एखादी यादी आहे का?" मी म्हणालो होतो, "कोड वाच. कोड खोटं बोलत नाही." मला माझ्या पहिल्या सरांनी हेच सांगितलं होतं आणि तेव्हा ते फार बाणेदार वाटलं होतं. तिने कोड वाचला, आणि कुणाला न सांगता वही घातली. एका पानाला एक मथळा, मथळे सगळे प्रश्नांचे. पिग्मी चुकून दुसऱ्याच्या खात्यात पडली तर? एजंट सोडून गेला तर त्याच्या पावत्यांचं काय? मुदतीआधी मोडली तर व्याज कसं? खाली दोन-तीन ओळींत उत्तर, आणि कडेला बारीक अक्षरात चॅटवरची तारीख किंवा तिकिटाचा नंबर, जिथून ते तिला कळलं होतं.

मी ती कडेची तारीख बघत राहिलो. किर्दीचं पान.

फाइल दोन दिवसांत झाली. मथळे तिचेच ठेवले. शेवटचा दुवा टाकून झाल्यावर तिने विचारलं, "सर, हे आपण मशीनला वाचता यावं म्हणून करतोय ना?" टोमणा नव्हता, तिला खरंच बदलाच्या टिपेत काय लिहायचं ते हवं होतं. मी हो म्हणालो. दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

महिनाभराने मॅडमचा फोन आला, या वेळी दिवसाउजेडी. नव्या एजंटाला शिकवताना त्यांनी आमची पानं उघडली होती. "सापडलं हो ते पान," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही ‘रद्द’ लिहिलंय, ‘खोडणे’ लिहिलंय. आमचे एजंट पिग्मी ‘मागे घ्यायची’ म्हणतात."

"मागे घ्यायची म्हणजे मुदतीआधी मोडायची ना?"

"नाही हो. मोडायची ती वेगळी. तिचा अर्ज असतो. मागे घ्यायची म्हणजे चुकून पडलेली." मग जरा थांबून म्हणाल्या, "तशी मोडायलाही म्हणतात कुणी कुणी."

मी फोन कानाला तसाच ठेवून दोन्ही पानं उघडली आणि दोन्हींच्या वरच्या ओळीत तो शब्द टाकला. एका पानावर पुढे लिहिलं: 'ठेव मोडायची असल्यास हे पान नव्हे.' दुसऱ्यावर काय लिहावं ते मॅडमनाच विचारलं. त्या सांगत गेल्या आणि मी उतरवून घेतलं.